सगळ्या खोल्यांना लागणारी ती एक किल्ली : खान्देशातल्या घरमालकांना आणि होस्टेलचालकांना खुलं पत्र

धुळे, जळगाव, नंदुरबार, भुसावळ, शिरपूर, अमळनेर, शहादा इथं खोल्या, फ्लॅट आणि होस्टेल भाड्याने देणाऱ्या मालक मंडळींना,

स. न. वि. वि.

मे संपत आला की आपल्याकडे खोल्यांची अदलाबदल सुरू होते. जुनी पोरं गाशा गुंडाळतात. नवी पोरं बापाला घेऊन येतात, पंखा फिरवून बघतात, नळ किती दिवसाआड येतो ते विचारतात, मग डिपॉझिटवर घासाघीस होते. या सगळ्या बोलण्यात एक गोष्ट कोणी विचारत नाही आणि आपणही होऊन सांगत नाही. या खोलीच्या किल्ल्या एकूण किती, आणि आज त्या कोणाकोणाकडे आहेत?

मी धुळ्यात देवपूरला राहतो. वरच्या मजल्यावरच्या खोल्या विद्यार्थ्यांना देतो. त्याआधी बँकेत होतो आणि नोकरीची बरीच वर्षं रोकड आणि लॉकर सांभाळण्यात गेली. त्यामुळे किल्ली दिसली की ती मोजायची खोड लागली आहे, घरातले वैतागतात. मालकांच्या अडचणी मला ठाऊक आहेत, कारण त्या माझ्याही आहेत. तरीही सांगतो, किल्ल्यांच्या बाबतीत आपला कारभार अगदी ढिसाळ आहे, आणि उद्या काही वेडंवाकडं झालं तर पहिली मान आपलीच अडकणार आहे.

माझं मागणं मोठं नाही. जादा किल्ली मालकाने ठेवावी, पण पाकिटात, सील करून, दोघांच्या सहीनिशी ठेवावी. आणि सगळ्या खोल्यांना चालणारी एकच किल्ली ठेवू नये. का, ते जरा सविस्तर लिहितो.

बँकेतला लॉकर तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे असेल. तो उघडायला दोन किल्ल्या लागतात, एक तुमची आणि एक बँकेची. बँकेच्या किल्लीला सगळे ‘मास्टर की’ म्हणतात, आणि ती त्या कपाटातल्या प्रत्येक लॉकरला लागते हेही खरं. पण ती एकटी एकही लॉकर उघडत नाही. ती फिरल्यावर तुमची किल्ली फिरू शकते, एवढंच तिचं काम. तुमची किल्ली हरवली तर बँकेच्या कपाटात तिची जोडीदार पडलेली नसते. लॉकर बनवणाऱ्या कंपनीचा माणूस बोलवायचा, साक्षीदारांसमोर लॉकर फोडायचा, नवं कुलूप बसवायचं आणि खर्च तुम्ही द्यायचा. ग्राहक कटकट करतात, ‘तुमच्याकडे एक डुप्लिकेट असायला काय हरकत होती?’ म्हणतात. ती नाही म्हणून तर तुमचं सोनं आत आहे!

रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२१ रोजी लॉकरबाबत सुधारित सूचना काढल्या, त्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झाल्या. त्यातला किल्ल्यांचा भाग होस्टेलवाल्यांनी एकदा वाचावा. रिकाम्या लॉकरच्या किल्ल्या सीलबंद पाकिटात ठेवायच्या. मास्टर कीची डुप्लिकेट त्या शाखेत ठेवायचीच नाही, दुसऱ्या शाखेत जमा करायची. मास्टर की संयुक्त ताब्यात, म्हणजे एकट्याच्या हाती नाही, आणि त्याची नोंद. वर ज्याचा त्या किल्ल्यांशी रोजचा संबंध नाही अशा अधिकाऱ्याने मधूनच येऊन मोजणी करायची. कर्मचाऱ्याच्या लबाडीने ग्राहकाचं नुकसान झालं तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पट. आमच्याकडे लॉकर रिकामा झाला की त्याचं कुलूप दुसऱ्या रिकाम्या लॉकरच्या कुलपाशी बदलून मगच तो नव्या ग्राहकाला द्यायचो. जुन्या ग्राहकाने किल्ली प्रामाणिकपणे परत केली असली तरी.

आता आपल्याकडची ‘मास्टर’ बघा. ती एकटीच सगळं उघडते. असते कुठे? देवघराशेजारच्या खिळ्याला, मीटरच्या पेटीवर, चपलांच्या रॅकमध्ये, नाहीतर मेसच्या मावशींच्या कमरेला. सकाळी झाडूवाली नेते, दुपारी प्लंबर मागतो, संध्याकाळी मालकाचा पुतण्या ‘जरा बघून येतो’ म्हणतो. रात्री ती खिळ्याला परत लटकलेली दिसली की आपण निर्धास्त. दिवसभरात ती बाजारात जाऊन आली का, हे किल्लीकडे बघून कळत नाही.

बाजारात छत्री लावून बसलेल्या किल्लीवाल्यासमोर कधी पाच मिनिटं उभे राहा. तो तुमची किल्ली यंत्राच्या एका चिमट्यात पकडतो, कोरी किल्ली दुसऱ्यात. एका बाजूची टोकदार पट्टी तुमच्या किल्लीच्या दात्यांवरून सरकते, तशी दुसऱ्या बाजूची चकती कोरी किल्ली कातरत जाते. पितळेचा भुगा उडतो. मग कानशीने कडा घासायच्या, पँटला पुसायची, झालं. तुम्ही सांगितलेला चहा येण्याआधी किल्ली हातात. खोली कोणाची, तुम्ही कोण, हे तो विचारत नाही, आणि त्याने विचारावं असा नियमही कुठे दिसत नाही. त्याला दोष देऊन उपयोग नाही. ज्याच्या हातात किल्ली अर्धा तास राहिली त्याच्याकडे ती कायमची राहिली, असं धरूनच मालकाने चालावं.

खरं तर आपल्याकडे जिला मास्टर की म्हणतात ती बहुतेक ठिकाणी मास्टर की नसतेच. त्याहून वाईट प्रकार असतो. नवा मजला बांधून झाला, दहा-बारा खोल्या निघाल्या, प्रत्येक दाराला कडी-कोयंडा बसला, की मालक कुलपांच्या दुकानात जाऊन ‘कॉमन की’ मागतो. सगळी कुलपं एकाच किल्लीची. जुडगा बाळगायला नको, कोणती किल्ली कोणाची हा घोळ नको. मालकाला वाटतं, युक्ती साधली. पण मग प्रत्येक पोराला जी किल्ली तुम्ही देता ती शेजारच्या खोलीचीही किल्ली असते, समोरच्याही, आणि तुमच्या कोठीचं कुलूप त्याच पेटीतलं असेल तर कोठीचीही. हे पोरांना कळायला आठवडा लागत नाही. कोणीतरी अंधारात भलत्याच दाराला किल्ली लावतो आणि कुलूप उघडतं. तेव्हापासून ती गोष्ट सगळ्या मजल्याला माहीत असते, मालक सोडून. कारण मालकाला वाटत असतं की ते गुपित त्याचं एकट्याचं आहे.

ज्यांच्याकडे अशी कुलपं असतील त्यांनी पुढचं पत्र वाचण्याआधी ती बदलायचं ठरवावं. अगदी स्वस्तातली वेगवेगळी कुलपं घेतली तरी दुकानातच एकाची किल्ली दुसऱ्याला लावून बघा, हलक्या मालात किल्ल्यांचे प्रकार मोजकेच असतात. आणि किल्लीवर किंवा कुलपावर नंबर कोरलेला असेल तर तो वहीत उतरवून घ्या आणि कुलपावरचा खरवडून टाका.

काही नव्या इमारतींत, विशेषतः मुलींच्या होस्टेलमध्ये, खरी मास्टर सिस्टीम बसवलेली असते. दाराच्या आतच बसणारं सिलिंडरचं कुलूप, प्रत्येक खोलीची किल्ली वेगळी, आणि रेक्टरकडे सगळ्यांची एक. हे कसं चालतं ते समजून घेतलं पाहिजे. लायनस येल यांनी १८६१ मध्ये ज्याचं पेटंट घेतलं त्या प्रकारच्या सिलिंडरमध्ये स्प्रिंगवर बसवलेल्या पिनांच्या जोड्या असतात. खालची पिन आणि वरची पिन यांच्यात एक फट. बरोबर किल्ली आत गेली की सगळ्या जोड्यांच्या फटी एका रेषेत येतात आणि सिलिंडर फिरतो. मास्टर की चालावी म्हणून जोडीच्या मध्ये आणखी एक छोटा तुकडा घालतात, म्हणजे एका फटीच्या दोन फटी. एक भाडेकरूच्या किल्लीसाठी, एक मास्टरसाठी. पण कुलपाला तुमचा हेतू कळत नाही. पाच पिनांच्या कुलपात पाचही ठिकाणी असा तुकडा घातला तर दोन किल्ल्यांऐवजी ३२ वेगवेगळ्या घडणीच्या किल्ल्या त्याला लागू शकतात. म्हणजे मास्टर सिस्टीम बसवली की कुलूप मुळातच थोडं सैल झालं. वर दुसरी गोम अशी की प्रत्येक भाडेकरूच्या दारातल्या कुलपात मास्टरचं माप दडलेलं असतं. साध्या खोलीची किल्ली, तिचं कुलूप आणि मूठभर कोऱ्या किल्ल्या एवढ्या भांडवलावर मास्टर की शोधून काढता येते, हे अमेरिकेतले संशोधक मॅट ब्लेझ यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलं. तेव्हा कुलूपवाले चिडले, आणि गंमत म्हणजे त्यांतल्या कित्येकांची तक्रार अशी होती की हे आम्हाला आधीपासून माहीत होतं, तुम्ही चारचौघांत का बोललात!

त्यामुळे मास्टर सिस्टीम बसवायचीच असेल तर निदान एक करा. सगळ्या इमारतीला एक मास्टर नको, मजल्यागणिक वेगळी ठेवा. आणि कार्यालय, कोठी, पैशाचं कपाट ही कुलपं त्या साखळीत अजिबात घेऊ नका. मास्टर हरवली तर त्या साखळीतलं प्रत्येक कुलूप बदलावं लागतं, हा खर्च बसवतानाच मनात धरा. मला विचाराल तर वीस-पंचवीस खोल्यांच्या होस्टेलला मास्टर की लागतच नाही.

चोरी ही तर फार पुढची गोष्ट झाली. रोजचं दुखणं वेगळंच असतं. आपल्याच भागातल्या एका होस्टेलमधली गोष्ट सांगतो, नाव घेत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पोरी घरी गेल्या. आखाजीचे दिवस म्हणजे लगीनसराईचे दिवस, आणि मालकाच्या घरी लग्न. खोल्या रिकाम्या, किल्ली हाताशी, मग काय, वऱ्हाड तिथेच उतरवलं. दोन रात्रींचा प्रश्न, कोणाला कळतंय! मुलगी परत आली तर कॉट भिंतीपासून सरकलेली, कूलरची टाकी तळाला गेलेली, आणि उशीच्या अभ्र्यावर हळदीची पाच बोटं. गेलं काहीच नव्हतं. तिच्या वडिलांनी विचारलं तर मालक म्हणाले, ‘घर मन्हं शे ना भाऊ!’ त्यांना खरोखर कळत नव्हतं की चुकलं कुठे. मुलीने महिना संपायच्या आत खोली सोडली आणि तिच्या पाठोपाठ आणखी दोघींनी.

घर मालकाचंच असतं, वाद नाही. पण भाडं घेतल्यावर त्या चार भिंतींत कोण जाणार हे ठरवायचा हक्क आपण विकलेला असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम २८ मालकाला जागा पाहण्याचा अधिकार देतं, पण रास्त वेळी आणि आगाऊ सूचना देऊन. भाडेकरू असो की लायसन्सी, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवानगीवर राहणारा, दोघांनाही ही सूचना द्यावी लागते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये जो आदर्श भाडे कायदा तयार केला त्यात ही सूचना किमान २४ तास आधी, लेखी किंवा मोबाइलवर, आणि सूर्योदयाआधी किंवा सूर्यास्तानंतर आत जायचं नाही, असं स्पष्ट लिहिलं आहे. तो राज्यांनी स्वीकारायचा नमुना आहे, पण चांगला नमुना गिरवायला सरकारची वाट बघावी लागत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३२९ अतिक्रमणाबद्दल आहे, आणि त्यात शब्द आहे ‘ताबा’, मालकी नव्हे. मुलींच्या खोल्या देणाऱ्यांनी बाईला चोरून बघण्याच्या गुन्ह्याबद्दलचं कलम ७७ही वाचून ठेवावं.

मालक डुप्लिकेट का सोडत नाही, याचं कारण मात्र निव्वळ हौस नाही. ते भय जुनं आहे. मुंबई भाडे कायद्यात १९७३ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवर जागेत राहत होते ते एका रात्रीत संरक्षित भाडेकरू झाले. मालकांनी त्याची धास्ती घेतली. तेव्हापासून वकील मंडळी लिव्ह अँड लायसन्सच्या करारात हमखास एक ओळ घालतात की जागेचा कायदेशीर ताबा लायसन्सरकडेच, म्हणजे मालकाकडेच, आहे आणि एक किल्ली त्याच्याकडे राहील. हेतू हा की उद्या कोणी भाडेकरू असल्याचा दावा केला तर किल्ली दाखवून सांगता यावं, ताबा आमचाच होता. आजही तुमच्या करारात ती ओळ असेल, काढून बघा.

पण १९९९ च्या कायद्यानंतर ते भय बरंचसं निराधार झालं आहे. मुदत संपल्यावर लायसन्सीने जागा सोडली नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि जागा अडवून धरल्याबद्दल ठरलेल्या रकमेच्या दुप्पट आकारणी होते. मालकाचं संरक्षण त्या लेखी करारात आहे, खिळ्याला लटकलेल्या किल्लीत नाही. कलम ५५ प्रमाणे तो करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, तो करून घेण्याची जबाबदारी मालकाची, न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आपल्याकडे नोटरीच्या कागदावर काम भागवतात, काही ठिकाणी तर वहीच्या पानावर. नोंदणीचे पैसे वाचवायचे आणि त्या बदल्यात किल्ली उशाशी घेऊन झोपायचं, हा हिशेब मला कधी पटला नाही.

दुसरं कारण तातडीचं. ‘उद्या पोरगं आत आजारी पडलं तर? गॅस गळला तर? शॉर्ट सर्किट झालं तर?’ रास्त आहे. आपल्या उन्हाळ्यात, पारा ४५ च्या घरात असताना, बंद खोलीत कोणी चक्कर येऊन पडलं तर वेळ घालवून चालणार नाही. म्हणूनच मी किल्ली ठेवू नका असं म्हणत नाही. पाकिटातली किल्ली काढायला पाकीट फाडण्याइतकाच वेळ लागतो. सील केल्याने कोणी आत जायचं थांबत नाही, पण कोणी आत गेलं ते लपतही नाही. बँकेत आम्ही सीलबंद पाकिटांवर विसंबायचो ते त्या लाखेत काही ताकद होती म्हणून नव्हे.

तिसरं कारण पाण्याचं, आणि ते अस्सल आपल्याकडचं. धुळ्यात काय, जळगावात काय, नळ रोज येत नाही. नळाच्या दिवशी पोरगं कॉलेजात, नोकरदार असेल तर ड्युटीवर. मग तोच होऊन किल्ली देऊन जातो : ‘काकू, नळ आला तर माझा ड्रम भरून घ्याल का?’ काकूही बिचाऱ्या भरतात. यात कोणाची वाईट बुद्धी नाही, पण अशाने आठवड्यातून दोनदा ती किल्ली घरोघर फिरते. यावर किल्लीचा नव्हे, प्लंबरचा उपाय आहे. टाकीचा पाइप आणि वॉल्व्ह खोलीबाहेर काढा. वीज मीटर आणि एमसीबी जिन्यात आणा. कूलर खिडकीबाहेर स्टँडवर असेल तर पाणी बाहेरूनच भरता येईल अशी जागा सोडा. एवढं केलं की मालकाला खोलीत शिरायची निम्मी कारणं संपतात. नवं बांधकाम काढणाऱ्यांनी तर मिस्त्रीला पहिल्याच दिवशी हे सांगावं, नंतर भिंती फोडून करण्यात मजा नाही.

आता वही. दोनशे पानी साधी वही घ्या, मोबाइलवर नको. एका खोलीला एक पान. कुलूप कधी बसवलं, नंबर काय, किल्ल्या एकूण किती आल्या, त्यांतली कोणती कोणाला कोणत्या तारखेला दिली, सही. परत आली की तारीख, सही. पाकीट उघडलं तर कोणी, किती वाजता, कशासाठी, आणि पुन्हा कधी सील केलं. प्लंबरला किल्ली दिली तर तेवढ्यापुरती तीही ओळ. किल्लीवर खोलीचा नंबर लिहू नका, काहीतरी खूण ठेवा आणि ती खूण फक्त वहीत उलगडा. रस्त्यात सापडलेल्या किल्लीला ‘सावित्री होस्टेल, २०४’ असा बिल्ला असेल तर सापडणाऱ्याचं आपण कामच सोपं केलं. वही आणि पाकिटं एका ठिकाणी ठेवू नका. घरात दोन माणसं असतील तर वही एकाकडे, पाकिटं दुसऱ्याकडे. आणि वर्षातून दोनदा, आखाजीला आणि दिवाळीला, खोल्या रिकाम्या होण्याआधी, पाकिटं मोजायला घरातल्या तिसऱ्याच माणसाला बसवा. माझ्याकडे हे काम सुनेकडे आहे आणि ती मला सवलत देत नाही.

कोणाला वाटेल, हा बँकवाल्याचा फापटपसारा. पण खोलीतून लॅपटॉप गेला तर पोलीस सगळ्यात आधी काय विचारतात? कुलूप तुटलंय का. नसेल तुटलं, तर किल्ल्या कोणाकडे होत्या. त्या वेळी ज्याच्याकडे वही आहे तो वही पुढे करतो, आणि ज्याच्याकडे नाही त्याचं सगळं घर, मावशी, पुतण्या, प्लंबर ओळीने ठाण्यात बसतं. आपण भाडेकरूची माहिती ठाण्यात देतो, आधारची झेरॉक्स घेतो, त्याच्या बापाचा नंबर घेतो. मग जो गडी त्याच्या खोलीची किल्ली कमरेला लावून फिरतो त्याची काही चौकशी केलेली असते का आपण? अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात सप्टेंबर २०२१ मध्ये एका १९ वर्षांच्या विद्यार्थिनीचा खून झाला. ती राहायची त्याच इमारतीच्या देखभाल कर्मचाऱ्याने मास्टर की वापरून तिच्या घरात प्रवेश केल्याचं तपासात निघालं. पुढच्या वर्षी तिथे तिच्या नावाने ‘मियाज लॉ’ आला. त्याने तीन गोष्टी सक्तीच्या केल्या : कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणं, प्रत्येक किल्ली दिल्या-घेतल्याची नोंद, आणि आत जाण्याआधीची सूचना १२ तासांवरून २४ तास. शिरपूर, शहाद्याच्या होस्टेलांत सातपुड्याच्या पाड्यांवरून आलेल्या मुली राहतात. त्यांचे आईबाप आपल्या भरवशावर त्यांना सोडून जातात आणि महिनोन्‌महिने येऊ शकत नाहीत. त्यांच्या खोल्यांची वही तरी आपण कायदा यायच्या आधी घालू शकतो.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर किल्लीचा फोटो टाकून ‘ही कोणाची?’ विचारणं आजपासून बंद करा. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन दिएगोच्या संशोधकांनी गच्चीवरून, सुमारे ६० मीटर अंतरावरून काढलेल्या फोटोवरून किल्ली बनवून दाखवली होती. आपले पोरं तर जवळून, चांगल्या उजेडात, तळहातावर ठेवून फोटो काढतात. डिजिटल कुलूप बसवणाऱ्यांना एवढंच सांगतो की भाडेकरू बदलला की आकडा बदला, दुकानदाराने बसवताना घातलेला मुख्य आकडा तर त्याच दिवशी बदला. बाकी नियम तेच.

भाडेकरू गेला की कुलूप बदला. नवं घ्यायलाच पाहिजे असं नाही. दोन-तीन कुलपं जादा ठेवा आणि रिकाम्या होणाऱ्या खोल्यांची आपसात फिरवा, वहीत नोंद करा. कडी-कोयंड्याची खोली असेल तर पोराने स्वतःचं कुलूप आणावं हे उत्तम. दोन किल्ल्या त्याच्या, तिसरी पाकिटात. तो पाकीट द्यायला तयार नसेल तर तसं करारात लिहा आणि तातडीच्या वेळी कुलूप तोडलं तर भरपाई कोणाची तेही लिहा. कुलूप तोडायला कटर असला तर फार वेळ लागत नाही, एक कटर जिन्याखाली ठेवा.

जूनमध्ये नवे करार होतील तेव्हा ती जुनी ‘एक किल्ली लायसन्सरकडे राहील’ वाली ओळ वकिलाला सांगून बदलून घ्या. मी माझ्या करारात जी घातली आहे ती खाली देतो, हवी तशी उतरवून घ्या :

‘सदर खोलीच्या एकूण ___ किल्ल्या असून त्यांपैकी ___ लायसन्सीस दिल्या आहेत. एक किल्ली उभयतांच्या सह्या असलेल्या सीलबंद पाकिटात लायसन्सरकडे राहील. आग, गळती, आजारपण अशा तातडीच्या प्रसंगाखेरीज ते पाकीट लायसन्सीच्या लेखी संमतीशिवाय उघडले जाणार नाही. मोबाइलवरील संदेश लेखी संमती समजला जाईल. पाकीट उघडल्यास उघडणाऱ्याचे नाव, वेळ व कारण त्याच दिवशी लायसन्सीस कळविले जाईल व त्याच्या समक्ष पाकीट पुन्हा सील केले जाईल. लायसन्सीने किल्लीची प्रत करून घेतल्यास तसे लायसन्सरला कळवावे व तिची नोंद वहीत व्हावी. मुदत संपल्यावर सर्व किल्ल्या परत घेऊन, पुढील व्यक्तीस खोली देण्यापूर्वी लायसन्सर स्वखर्चाने कुलूप बदलेल.’

शेवटच्या ओळीतला ‘स्वखर्चाने’ हा शब्द तुमचे वकील काढायला सांगतील. काढू नका.

आपला,
देवपूर, धुळे येथील एक घरमालक